यादवी कशासाठी झाली, हे फुटणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक मराठी मजकूर फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतली १८६१ ते १८६५ ची यादवी गुलामगिरीवरून झालीच नाही. दक्षिणेतली राज्यं आपल्या हक्कांसाठी आणि परदेशी मालावरच्या जाचक जकातीविरुद्ध लढली. तिथल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हते. राष्ट्राध्यक्ष लिंकनलाही गुलामांचं सोयरसुतक नव्हतं. हजारो काळे सैनिक तर दक्षिणेकडून लढले. गुलामगिरीचं कारण जिंकणाऱ्यांनी मागाहून चिकटवलं.

ज्या भाषेत जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली, त्याच भाषेत हे वाचताना मला फार वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘राज्यांचे हक्क’. संघराज्यातून सगळ्यांत पहिलं फुटलं ते साउथ कॅरोलायना, २० डिसेंबर १८६० रोजी. चारच दिवसांत त्या राज्याने आपली कारणं जाहीर केली. त्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, तसं न देण्याचे कायदे करतात, आणि न्यूयॉर्कमधून जाताना मालकाला स्वतःचा गुलाम सोबतही नेता येत नाही. म्हणजे उत्तरेतली राज्यं आपापले हक्क वापरत होती आणि दक्षिणेला नेमकं तेच खुपत होतं. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा केंद्राचा होता आणि तो दक्षिणेच्या आग्रहामुळे झाला होता. त्यात पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे खटला नव्हता, स्वतःची साक्ष देण्याचीही सोय नव्हती. वाटेवरच्या कुणाही नागरिकाला त्याला पकडायला मदत करण्याचा हुकूम देता येई. १८५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या तरुणाला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन परत व्हर्जिनियाला पाठवलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या हक्कांची आठवण दक्षिणेत कुणी काढली नाही. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढे फुटलेल्या राज्यांनी स्वतःची घटना लिहिली, तीत गुलामांवरच्या मालकीला बाध येईल असा कायदा करायला त्यांच्या संसदेला बंदी घातली.

मिसिसिपीने तर आडपडदाही ठेवला नाही. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असं त्यांच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच आहे.

जकातीचं भांडण खरं आहे, पण ते १८३२ चं. पुढच्याच वर्षी ते तडजोडीने मिटलं. १८५७ मध्ये दक्षिणेच्या पाठिंब्याने जकात आणखी खाली आली. वाढीव जकातीचा कायदा सिनेटमध्ये मंजूर झाला तो फेब्रुवारी १८६१ मध्ये, सात राज्यं फुटून गेल्यावर. त्याआधी डिसेंबरमध्ये केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांनी युद्ध टाळण्यासाठी सहा घटनादुरुस्त्या सुचवल्या होत्या. साहीच्या साही गुलामगिरीबद्दल आहेत. जकातीचा त्यांत उल्लेखही नाही.

‘बहुतेकांकडे गुलाम नव्हते’ हा हिशेब कसा केला जातो तेही पाहा. कागदावर मालक म्हणून घरातल्या एकाचंच नाव असे. बायकोमुलं ‘गुलाम नसलेल्यांत’ मोजली जातात. घराणी मोजली, तर फुटलेल्या अकरा राज्यांत सुमारे ३० टक्के गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत जवळजवळ निम्म्यांकडे. याहून बोलका आहे तो फुटण्याचा क्रम. १८६० च्या जनगणनेत देशात ३९ लाखांहून अधिक गुलाम होते. आधी फुटलेल्या सात राज्यांत जवळपास निम्मी लोकसंख्या गुलामांची. मागाहून गेलेल्या चार राज्यांत ते प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. मेरीलँड, केंटकी, मिसूरी आणि डेलावेअर या चार राज्यांत ते आणखी कमी, आणि ही राज्यं फुटली नाहीत. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात गुलाम थोडे. तो भाग व्हर्जिनियापासूनच वेगळा झाला. मागाहून गेलेल्या चार राज्यांना लिंकनने ७५ हजार सैनिक मागवले याचा राग होता, हे मला मान्य आहे. पण सैन्य मागवण्याची वेळ ज्या फुटीमुळे आली, तिचं कारण त्याने बदलत नाही.

लिंकनचं ऑगस्ट १८६२ चं पत्र या मजकुरात अर्धंच दिलंय. ‘एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन’ हे वाक्य त्यात आहेच. पण सगळीकडची सगळी माणसं मुक्त व्हावीत ही आपली वैयक्तिक इच्छा कायम आहे, असं त्याच पत्राच्या शेवटी आहे. आणि मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा महिनाभर आधीच, जुलैमध्ये, त्याने मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. उत्तरेतली राज्यं सुरुवातीला संघराज्य टिकवण्यासाठीच लढली, हे खरं. पण उत्तर का लढली आणि दक्षिण का फुटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फिरणारा मजकूर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतो. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, एवढंच लिंकनच्या पक्षाचं म्हणणं होतं. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना तेवढंही जड गेलं, कारण प्रत्येक नवं राज्य म्हणजे सिनेटमध्ये दोन मतं. याच मोजमापावरून १८२० मध्ये गुलामगिरीच्या मिसूरीसोबत गुलामगिरी नसलेलं मेन राज्य म्हणून आलं आणि १८५४ नंतर गुलामगिरी हवी की नको यावरून कॅन्ससमध्ये रक्त सांडलं.

कारण मागाहून चिकटवलं गेलं हे मात्र खरं, फक्त ते दुसऱ्या बाजूने. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जाहीरपणे म्हणाला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला आहे. हरल्यावर त्याच स्टीफन्सने जाडजूड ग्रंथ लिहून लढा राज्यांच्या हक्कांचा होता असं मांडलं.

राहिले काळे सैनिक. दक्षिणेच्या फौजेसोबत हजारो गुलाम नेले होते ते खंदक खणायला आणि स्वयंपाकाला. त्यांना सैनिक करण्याचा कायदा झाला १३ मार्च १८६५ रोजी. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. जानेवारीत जॉर्जियाचा जनरल हॉवेल कॉब याने लिहिलं होतं, की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा ठरेल. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले, त्यांतले कितीतरी दक्षिणेच्या मळ्यांवरून पळून आलेले.

मे १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स नावाचा गुलाम दक्षिणेच्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर सुकाणू धरायला होता. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले पाहून पहाटेच्या अंधारात त्याने बोट हलवली, वाटेत बायकोमुलांना घेतलं, किल्ल्यांसमोरून जाताना ठरलेली शिट्टी दिली आणि तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर उत्तरेच्या आरमारासाठी शरणागतीची खूण म्हणून पांढरी चादर वर चढवली.