सुधारणेस वाव आहे

मार्च महिना उजाडला की ऐरोलीच्या ऑफिसांमधील माणसे एकाएकी नम्र होतात. एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न काढणारे सहकारी एकमेकांना वाट देऊ लागतात, आणि वर्षभर ज्या साहेबांच्या नावाने कँटीनमध्ये बोटे मोडली त्यांनाच "सर, चहा सांगू का?" असे विचारले जाते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पगारवाढीचे आकडे त्यानंतर ठरतात आणि त्याआधी प्रत्येकाला एकदा साहेबांसमोर बसून स्वतःविषयी ऐकून घ्यावे लागते. या प्रकाराला फीडबॅक म्हणतात. नुसती स्तुतीच करायची असती तर ती जाता-येता, कॉफीच्या मशीनपाशीही उरकली असती. ज्याअर्थी खोली राखून ठेवली आहे त्याअर्थी प्रकरण टीकेचे आहे, एवढे शहाणपण दोन-चार नोकऱ्या केल्यावर आपोआप येते.

आमच्या ऑफिसात बैठकीच्या खोल्यांना किल्ल्यांची नावे दिलेली आहेत. राजगड आणि तोरणा मोठे असल्याने ते बहुधा ग्राहकांच्या ताब्यात असतात, आणि एकेकट्याला बोलावायचे असेल तेव्हा साहेब नेमका प्रतापगड निवडतात, कारण तिथे दोनच खुर्च्या मावतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले हे चौथीच्या इतिहासापासून पाठ असल्यामुळे, कॅलेंडरवर त्या खोलीचे निमंत्रण झळकले की त्या भेटीतील कोणती भूमिका आपल्या वाट्याला आली आहे हे मी ओळखतो. त्यातून आमचे साहेब व्यवस्थापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले. आधी कौतुक, मध्ये टीका आणि शेवटी पुन्हा कौतुक हा क्रम ते कधीही मोडत नाहीत. म्हणजे सुरुवात आलिंगनानेच होते. "तुमचा अनुभव दांडगा आहे, टीमला तुमचा मोठा आधार वाटतो," असे ते मनापासून सांगत असतात, पण मला त्यातले एक अक्षरही ऐकू येत नाही, कारण माझे दोन्ही कान पुढे येणाऱ्या 'फक्त'कडे लागलेले असतात.

त्या 'फक्त'नंतर चेहरा कसा ठेवावा, याचे प्रशिक्षण मात्र कोणी देत नाही. हसावे तर "यांना गांभीर्य नाही", गंभीर व्हावे तर "फार मनाला लावून घेतात", आणि मान हलवावी तर सारे आरोप एकगठ्ठा मान्य केल्यासारखे होते. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे वही. साहेबांनी तोंड उघडले की मी खाली मान घालून लिहू लागतो. त्यांना वाटते, माणूस किती मनावर घेतो आहे! त्या दिवशीच्या पानावर तारीख आहे, खाली 'प्रोॲक्टिव्ह' हा शब्द दोनदा अधोरेखित आहे आणि त्याखाली 'गावदेवी मंडई – मेथी, आले' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे.

माझी तक्रार टीकेविषयी नाहीच, ती टीकेच्या धूसरपणाविषयी आहे. "ओनरशिप थोडी कमी पडते," "व्हिजिबिलिटी वाढवायला हवी," ही वाक्ये ऐकून माणसाने घरी जाऊन नेमके काय करावे? व्हिजिबिलिटी वाढवायची म्हणजे साहेबांच्या केबिनसमोरून वरचेवर जावे, एवढाच अर्थ मला लागला, आणि तो मी काही दिवस अमलातही आणला. माझ्या अस्वस्थतेला काही शास्त्रीय आधार मिळतो का हे शोधताना क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांचा १९९६ सालचा अभ्यास हाती लागला. याआधीच्या अभ्यासांतील सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासून त्यांनी दाखवले की फीडबॅकने सरासरीने काम सुधारते खरे, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट बिघडते, आणि लक्ष कामावरून उठून माणसाच्या स्वतःवर जाऊन बसले की फायदा घटतो. हा कागद साहेबांना पाठवावा असे फार वाटले. पण त्यांनी त्यातले 'सरासरीने सुधारते' एवढेच उचलले असते.

म्हणून यंदा मी धीर करून विचारले, "सर, एखादे उदाहरण देता का?" साहेब क्षणभर गोंधळले, मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझाच मेल होता. सर्व्हर शनिवारी रात्री बंद राहील, हे ग्राहकाला कळवायचे होते आणि ती वेळ तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत आली होती. "तुमचे मेल लांबतात," साहेब म्हणाले. खरे सांगतो, मला हायसे वाटले. ही टीका हातात धरता येत होती. अर्थात ती पटली असे नाही. ज्या पिढीला पत्रलेखनात मायन्याला वेगळे गुण मिळत, त्या पिढीने एकदम मुद्द्यावर येणे हा उद्धटपणाच.

ऐरोलीत नोकरी करून ठाण्याला परतणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. ट्रान्स हार्बरने पनवेलला जाणाऱ्यांचा राग नेरूळपर्यंत निवळतो. आम्हाला मात्र तेवढा अवधीच नसतो. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले तेव्हापासून एक थांबा जास्त मिळाला आहे, पण तेवढ्यात फार तर 'ओनरशिप' पचते. उरलेला राग मेथीच्या जुडीसकट घरी गेला. सौभाग्यवतींनी सगळे ऐकून घेतले आणि "मग चुकीचे काय बोलले ते?" असे म्हणून मेथी निवडायला माझ्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी मेल आखूड केले. "झाले." "सोमवारी देतो." "नाही." पंधरवड्याच्या आत प्रतापगडाचे निमंत्रण पुन्हा आले. साहेबांनी नेहमीप्रमाणे कौतुकाने सुरुवात केली, आणि मग दुसऱ्या विभागाकडून आलेले गाऱ्हाणे सांगितले की माझ्या मेलमध्ये हल्ली आपुलकी वाटत नाही, काही बिनसले आहे का? मी वही उघडली आणि 'आपुलकी' हा शब्द अधोरेखित केला.

आता एवढेच राहिले होते की एचआरच्या पोर्टलवर 'या वर्षात आपण कोणती सुधारणा केली' या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहायचे. मी लिहिले, "मेल थोडक्यात लिहायला शिकलो." बटण दाबताच रकान्याभोवती लाल चौकट उमटली : किमान ५०० अक्षरे आवश्यक. मग मात्र मी बाह्या सरसावल्या आणि मायन्यापासून सुरुवात केली.