पोफळीला तांबं किती लागतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, तेव्हा प्रकाशसंश्लेषणात तांब्याचं महत्त्व मी उगाच वाढवलं, हा पहिला. आणि तांबं खरंच इतकं गरजेचं असेल, तर पोफळीची पानं पिवळी दिसताच आगोटीच्या (पावसाळ्याच्या तोंडावरच्या) फवारणीशिवाय बोर्डोचा, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचा, आणखी एक हात का मारू नये, हा दुसरा.

मॅग्नेशियमचं बरोबरच आहे. पण हरितद्रव्य प्रकाश टिपतं. सुटलेला इलेक्ट्रॉन पुढे न्यावा लागतो. पानातल्या सायटोक्रोम बी६एफ या प्रथिनसंकुलापासून प्रकाशप्रणाली-१ या दुसऱ्या संकुलापर्यंत तो नेतं प्लास्टोसायनिन. सुमारे ९९ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, आणि त्यात तांब्याचा एकच अणू, २ हिस्टिडिन, १ सिस्टीन व १ मेथिओनिन यांच्या पकडीत. इलेक्ट्रॉन घेतलेलं तांबं एकसंयुजी, दिलेलं द्विसंयुजी; ही पकड या दोन रूपांना आवडणाऱ्या रचनांच्या मधली, म्हणून इलेक्ट्रॉन घेता-देता रचना फारशी हलत नाही आणि काम झटपट होतं. काही शेवाळं तांब्याच्या टंचाईत सायटोक्रोम सी६ या लोहाच्या प्रथिनावर भागवतात. पोफळ, आंबा, भात यांना ती सोय नाही.

दुसरा सल्ला मात्र धोक्याचा आहे. १ टक्का बोर्डोत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे जवळपास २५५ ग्रॅम तांबं. निरोगी पानाच्या १ किलो सुक्या वजनात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हिशेब करा: १ लिटर बोर्डोतलं तांबं २५० किलो सुक्या पानांना पुरेल! कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजवून गाळणाऱ्या रोगासाठी) घोसांवर बोर्डो मारावाच, पण ते औषध आहे, खत नव्हे.

ओघळलेलं तांबं पावसाने फारसं वाहून जात नाही. पालापाचोळ्याच्या कुजलेल्या थराला चिकटून वर्षानुवर्षं साठतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे ते मुळांना जास्त लागतं. तंतुमुळं खुंटतात, लोह उचललं जात नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. हाच पिवळेपणा कमतरता समजून पुन्हा मोरचूद मारला जातो.

म्हणून आधी माती तपासा. डीटीपीए पद्धतीने (मातीतलं पिकाला मिळू शकणारं तांबं मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) तांबं ०.२ पीपीएमच्या, म्हणजे किलोभर मातीत ०.२ मिलिग्रॅमच्या खाली आलं तरच कमतरता धरा. नुसत्या पानाच्या तपासणीवर विसंबू नका, कारण जादा तांबं बहुतेक मुळांतच अडकतं. फवारणीनंतर पानं करपली असतील तर चुना कमी पडलाय का बघा: घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. अहवाल हातात येईपर्यंत पिवळेपणासाठी मोरचूद भिजत घालू नका.