मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं बे?

रविवारी रात्री सोलापुरात कन्ना चौकाजवळ चहाच्या गाड्यापाशी आमचा नेहमीचा कट्टा बसला होता आणि विषय निघाला 2027 च्या जनगणनेचा. जातीचं पाच मिनिटात बोलून झालं, पण मातृभाषेवर जे अडकलो ते साडेअकरापर्यंत तिथंच.

मालक म्हणाला, तू तर सरळ मराठी लिहून टाक. मालक म्हणजे आमचा शाळेतला दोस्त, घरात पक्का मराठी. त्याचं म्हणणं असं की तू पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी शाळेत होतास, निबंधात माझ्यापेक्षा जास्त मार्क काढलेस, भांडतोस मराठीत, पोरीला झोपवतोस मराठीत, मग तेलुगू कसली लिहितोस? आणि तुम्ही सगळ्यांनी तेलुगू-कन्नड लिहिलं तर उद्या कुणीतरी उठून म्हणेल सोलापूर महाराष्ट्राचं नाहीच.

हे शेवटचं वाक्य अण्णाला लागलं. अण्णा लिंगायत, घरात कन्नड. तो म्हणाला, अरे आमच्या सिद्धरामेश्वरांची वचनंच कन्नडमध्ये आहेत, आणि त्याच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तू दर जानेवारीला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागं चालतोस की नाही? सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असं तू माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतोस. तेव्हा तुझं मराठीपण कमी होतं का? मग मी कन्नड लिहिल्यानं महाराष्ट्र कसा काय कमी होतो?

मग कुणीतरी चार हुतात्म्यांचा विषय काढलाच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी, त्यांना कुणी भाषा विचारली होती का वगैरे. मला त्या चौघांबद्दल मनापासून आदर आहे, लहानपणापासून त्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना हात जोडतो, पण हा मुद्दा भाषणाला बरा पडतो, रकाना काही त्यानं भरत नाही. तिथं काहीतरी एक लिहावंच लागतं.

भाईचा प्रॉब्लेम वेगळाच. तो म्हणाला मी उर्दू लिहून येतो दरवेळी, पण आमची अम्मी बोलते ती काय पुस्तकातली उर्दू आहे का? "मेरेकू नक्को" म्हणते ती. लखनौचा माणूस तोंडाकडं बघत बसेल. आता हा नक्को आला कुठून, तर आपल्या नको मधून. म्हणजे ह्याच्या अम्मीच्या दखनीत मराठी बसलीय.

मला मात्र 2011 ची गोष्ट आठवत होती, ती मी पहिल्यांदाच सांगितली. आमचं घर पूर्व भागात, आजोबांचे वडील करीमनगरकडून मागाच्या कामाला इकडं आले ते परत गेलेच नाहीत. जनगणनेला एक गुरुजी आले होते, दारातच खुर्चीवर बसून फॉर्म भरत होते. मातृभाषा विचारली तर बाबा पटकन म्हणाले, मराठी लिहा. उगाच कशाला, हा त्यांचा स्वभाव. आई आतल्या खोलीत विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेल्या पानांची चळत. तिची बोटं चालूच होती आणि तिथूनच ती ओरडली, "नेनु एप्पुडु माट्लाडिन मराठीला?" म्हणजे मी कधी बोलले मराठीत? गुरुजींना कळलं नाही, बाबा ओशाळले, मी हसलो. रकान्यात मराठीच राहिलं. आई त्या दिवशी जेवताना कुणाशीच बोलली नाही. आता वाटतं मी हसायला नको होतं. पंचवीस विड्यांचं एकेक बंडल मोजत, वकटि, रेंडु, मूडु करत, तिनं आमच्या शाळेच्या फिया भरल्या, मला मोजायला पण तिनंच शिकवलं, ते तेलुगूतच.

सगळे जरा गप्प झाले.

मग मी म्हणालो, बघा, नियम साधा आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. शाळा कुठली, राज्य कुठलं, ह्याचा संबंध नाही. आणि तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं असतं. त्याच्या पुढं, आपल्याला येणाऱ्या दुसऱ्या भाषा विचारतात, 2011 ला दोन लिहिता येत होत्या, तिथं मी मराठी पहिली लिहीन आणि छाती फुगवून लिहीन. भाईनं पण दखनी सांगावं, लाजायचं काय त्यात.

आणि खरं सांगू का, माझी तेलुगू पण तिकडं चालत नाही. करीमनगरला लग्नात जेवताना मी भाकरी मागितली तर वाढणारा बघतच राहिला, तिकडं ती जोन्न रोट्टे. आणि पुण्यात ऑफिसला "काय करूलालास बे" म्हणलं की सगळे विचारतात मूळचे कुठले तुम्ही? अरे मूळचा सोलापूरचा! ह्या भाषा माझ्या तोंडात एकमेकींत मुरल्यात, दोन्हीकडं मी थोडा चुकतो, आणि ती चूक माझी आहे, ती मला सोडायची नाहीये.

मालक बराच वेळ कपातला चहा हलवत बसला. मग म्हणाला, पटलं. तू तेलुगूच लिही. पण मग पोरीच्या रकान्यात काय?

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. घरी येऊन बायकोला विचारलं. ती पण तेलुगूच, पण पोर इंग्लिश मीडियमला, घरात तीन-तीन भाषांचा गोंधळ नको म्हणून आम्ही दोघांनी मिळून तिच्याशी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. बायको म्हणाली, मी तिच्याशी मराठीत बोलते ना, मग मराठीच लिहायचं. खोटं कशाला?

तिचं बरोबर आहे, पण मला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच मी पोरीशी तेलुगूत बोलायला सुरुवात केलीय. ती म्हणते, पप्पा, नीट सांगा ना, मराठीत. काल संध्याकाळी तिला आईच्या सुपाशेजारी बसवलं. मूडूपर्यंत आली, नालुगु राहिला.