1556 चा छापखाना आणि माझे भाषण

गोव्यात वाचनसंस्कृतीवर बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसाला 1556 चुकवता येत नाही. त्या वर्षी भारतातला पहिला छापखाना गोव्याच्या किनाऱ्याला लागला, आणि आता प्रत्येक वाचनालयाच्या वर्धापनदिनी तो जहाजावरून पुन्हा एकदा उतरवला जातो. मागोमाग 1616 साली रायतूरला छापलेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण येते, त्यातली मराठीला रत्नकिळा म्हणणारी ओवी येते, आणि ती वक्त्यापेक्षा अधिक पाठ असलेले श्रोते माना डोलावतात.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने मला बोलावले, तेव्हा आजवर कोणीही न बोललेले काहीतरी बोलायचे, असा मी निश्चय केला. दुखण्याला सुरुवात झाली ती इथूनच. रात्री सुचलेला प्रत्येक विचार सकाळपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी निघत असे. ‘पुस्तक हा खरा मित्र’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावरचे निघाले, तर ज्या कोपरखळीवर मी स्वतःशीच हसलो होतो, ती माझ्याआधी निदान दोन पिढ्या हसून गेल्या होत्या. अखेर तो छापखाना मुळात अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघाला होता आणि वाटेत गोव्यात अडकून इथलाच झाला, हे वाचनात आले, तेव्हा तो मीच अडवून धरल्याचा मला आनंद झाला. निवृत्त शिक्षिका असलेल्या आत्याला मोठ्या उत्साहाने हे सांगितले, तर सुपातल्या तांदळावरची नजर न काढता ती म्हणाली, “अरे, हें सगळ्यांक खबर आसा.”

तीच मला त्या संध्याकाळी देवळात कीर्तनाला घेऊन गेली. बुवांनी उत्तररंगात द्रौपदीवस्त्रहरण लावले होते. पुढची ओळ बुवांच्या आधी पुटपुटणाऱ्या बायका सभामंडपात कितीतरी होत्या. तरीही दुःशासनाचा हात पदराकडे गेला तेव्हा त्यांतली एकही जागची हलली नाही, आणि ‘बुवा, काही नवीन सांगा’ असे म्हणण्याचे तर कोणाच्या मनातही आले नाही. पूर्वरंगाचा अभंग होता, ‘फोडिले भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही’. प्रत्यक्ष तुकोबा जिथे हमाली पत्करतात, तिथे आपल्या चार वाक्यांच्या मालकीची कागदपत्रे शोधत बसणारा मी कोण, असे वाटून मी घरी येऊन निर्धास्त झोपलो. भाषणाची सुरुवात याच अभंगाने करायची, हेही ठरले.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रास्ताविकात 1556 संपले. सरपंचांनी रत्नकिळा घेतली. प्रमुख पाहुण्यांनी अ‍ॅबिसिनिया तर नेलाच, शिवाय तो माझ्यापेक्षा चांगला रंगवला. उरलेला हमाल सूत्रसंचालिकेने माझी ओळख करून देताना माझ्याच गळ्यात घातला, आणि सभागृह मनापासून हसले.

कागदावर आता ‘व्यासपीठावरील मान्यवर’ एवढेच शिल्लक होते. मग मी वाचनालयाच्या देवघेवीच्या रजिस्टराबद्दल बोललो. दर पावसाळ्यात तीच एक जाडजूड कादंबरी नेणाऱ्या एका बाई त्यात आहेत. शेवट ठाऊक असताना पुन्हा का नेता, असे ग्रंथपालांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की ठाऊक आहे म्हणूनच नेते. कोण मरणार हे आधी कळलेले असले की झोप मोडत नाही. लोक हसले. आत्याही हसली, आणि तिला याची खबर नव्हती, हे मी मुद्दाम पाहून ठेवले.

पुढे साखळीच्या एका कार्यक्रमात एका वक्त्याने हीच बाई स्वतःची मावशी म्हणून सांगितली. राग येण्याऐवजी मला इतका निर्लज्ज आनंद झाला की सर्वांत आधी टाळी मीच वाजवली. त्यांच्या मावशीने कादंबरीत खुणेला कदंब बसचे तिकीट ठेवले होते, आणि ते माझ्या गोष्टीत नव्हते. आता पेडण्याला माझे भाषण ठरले आहे. त्यात ते तिकीट मी घेतले आहे, आणि त्यावर म्हापसा ते पेडणे असा प्रवासही घातला आहे.