काकू, सव्वा महिन्यानंतरचं काय?

काकू, नमस्कार. बाळंतपणानंतरच्या शरीरसंबंधांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच फटकारलंय. तुम्ही म्हणता, तुमच्या पिढीने सव्वा महिना पाळला, शेक-शेगडी घेतली, डिंकाचे लाडू खाल्ले आणि सगळं आपोआप जागेवर आलं. आताच्या मुली नाजूक, आणि माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्ट त्यांना नवऱ्याला नाही म्हणायला शिकवतात, तेही चारचौघांत. चारचौघांत बोलते हे खरंच आहे, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही.

सव्वा महिन्याला माझा विरोध नाही. अंगावरून जाणं थांबायला चार ते सहा आठवडे लागतात, गर्भाशय मूळ आकाराला यायलाही साधारण सहा. एवढे दिवस बाईला माहेरी ठेवणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच होत्या. माझं भांडण आहे ते सव्वा महिना सरल्यावर ‘आता झालं की सगळं’ म्हणण्याशी.

कारण तेव्हा ती बाळाला अंगावर पाजत असते. पाजताना शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, आतली त्वचा पातळ होते. पाळी गेलेल्या बाईला होतो तो त्रास पंचविशीतल्या मुलीला होतो. तिला इच्छा असली तरी आग होते, आणि नवऱ्याला वाटतं हिचं आता बाळातच लक्ष. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरावं. (निरोधबरोबर खोबरेल तेल नको, तेलाने रबर फाटतं.)

बाळंतपणात खाली घातलेल्या टाक्यांचं वेगळंच. माझ्याकडे एक मुलगी आली होती, बाळ रांगायला लागलेलं, तरी ही खुर्चीत एका बाजूला कलून बसत होती. फाइलवर ‘टाके भरले’ एवढाच शेरा. वरून भरले होते, पण आतला व्रण ताठ होता आणि दुखेल या भीतीने भोवतीचे स्नायूही आवळलेले. अशा बाईला ‘रोज आकुंचनाचे व्यायाम कर’, म्हणजे तेच स्नायू आवळून सोड, असं सांगितलं तर दुखणं वाढू शकतं. तिला आधी स्नायू सैल सोडायला शिकवावं लागतं, व्रणाला हलका मसाज द्यावा लागतो. 

आणि ‘आपोआप जागेवर आलं’ म्हणता, तर तुमच्याच वयाच्या मैत्रिणींना विचारून बघा. लग्नाला निघताना पाणी न पिणाऱ्या किती? शिंक आली की पाय आवळणाऱ्या किती? ‘अंग बाहेर येतं’ म्हणून साठीत पिशवी काढलेल्या किती? त्या सगळ्यांनी सव्वा महिना पाळलेला असतो, काकू. तक्रार कोणापाशी करायची, हेच त्यांना माहीत नव्हतं.

नवऱ्याला नाही म्हणायला शिकवते? हो, शिकवते. दुखत असेल तर नाहीच म्हणायचं, मग बाळ दीड महिन्याचं असो की दीड वर्षाचं. दुखणं टिकलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर त्याच दिवशी.

पाळी आली नाही तोवर दिवस जात नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. हे अर्धंच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच भरवसा. एक जरी सुटली तरी धोका, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. सरकारी दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून छाया गोळी आणि अंतरा इंजेक्शन फुकट मिळतं, पाजणाऱ्या आईलाही चालतं; अंतरा मात्र सहा आठवड्यांनंतर.

शेवटी सुनेचं पोट बांधायचं का, असं विचारलंत. बांधा की, उठता-बसताना आधार वाटतो. पण श्वास भरून घेता येईल इतपतच. करकचून आवळलं की दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच ताणलेले असतात. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.