व्हिएन्नाच्या रिंगवरून ओव्हल मैदानाकडे पाहताना

मुंबईच्या पर्यटनाचा विषय निघाला की दोन बाजू लगेच उभ्या राहतात. एक म्हणते, गेटवे आणि मरीन ड्राइव्ह झालं की मुंबईत बघायला उरतं काय? तेव्हा लंडनसारखं महाकाय चक्र उभारा, समुद्रात काहीतरी भव्य बांधा. दुसरी म्हणते, गोऱ्या साहेबाच्या इमारती आपण कशाला मिरवायच्या? व्हिएन्नात राहून हा वाद वाचताना वाटत राहतं, की दोघांचंही लक्ष इमारतींवर आहे आणि दोन इमारतींमधल्या रस्त्याकडे कुणाचंच नाही. पाहुणा शहर बघतो ते पायांनी, आणि मुंबईत नेमके त्याचे पायच अडतात.

तुलना व्हिएन्नाशीच का, तर दोन्ही शहरांनी आपले तट जवळपास एकाच काळात पाडले. सम्राट फ्रान्स योझेफने 1857 मध्ये हुकूम काढला आणि 1865 मध्ये तटाच्या जागी रिंगस्ट्रास, म्हणजे जुन्या गावाभोवतीचा 'रिंग' हा गोलाकार हमरस्ता, याचं उद्घाटन झालं. मुंबईत गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, त्याच दशकात, फोर्टचा तट गेला. मोकळ्या झालेल्या जागेत पुढे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर अशी रांग उभी राहिली. दोन्हीकडे तटाचे तुकडे अजून शिल्लक आहेत. व्हिएन्नात म्योल्कर बास्टाय, मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळचा किल्ल्याचा अवशेष. युनेस्कोची मोहोर दोघांनाही आहे: व्हिएन्नाच्या जुन्या गावाला 2001 पासून, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलींतल्या इमारतींच्या समूहाला 2018 पासून. म्हणजे भांडवल सारखंच आहे.

सुट्टीत दादर-पार्ल्याहून येणारे नातेवाईक व्हिएन्ना कसं बघतात? आधी महागडं पर्यटक-बसचं तिकीट काढू पाहतात. गरज नसते. रिंगजवळच्या श्वेडनप्लाट्स चौकातून 2 नंबरची ट्राम ऑपेरापर्यंत घ्यायची, तिथे उतरून 1 नंबरची पुढे फिरून श्वेडनप्लाट्सकडे जाणारी पकडायची. 2008 पासून नेहमीची एकच ट्राम रिंगची पूर्ण फेरी मारत नाही, म्हणून हा एक बदल करावा लागतो. तेवढ्यात ऑपेरा, दोन्ही मोठी संग्रहालयं, संसद, नगरभवन, विद्यापीठ असं सगळं काचेतून दिसतं. चुका ठरलेल्या असतात. चोवीस तासांचं कागदी तिकीट घेतात, पण पहिल्यांदा चढताना यंत्रात शिक्का मारत नाहीत. तपासनीस आला की दंड शंभर युरोंच्या वर. स्टेफान्सप्लाट्स या मध्यवर्ती चौकात मोत्झार्टच्या पोशाखातल्या विक्रेत्याकडून मैफलीचं तिकीट घेतात, सभागृह कुठलं ते न विचारता. सोमवारी कलासंग्रहालयाच्या दारात जातात. ते उन्हाळ्याचे महिने सोडले तर सोमवारी बंद असतं. आणि पदपथालगतच्या सायकल मार्गावर उभं राहून फोटो काढतात, मग घंटी ऐकून दचकतात.

यातली एकही चूक शहराने त्यांना अडवल्यामुळे होत नाही, हे महत्त्वाचं. सार्वजनिक शौचालय शोधावं लागत नाही; बऱ्याच ठिकाणी पन्नास सेंटचं नाणं लागतं, ते खिशात ठेवायचं. पिण्याच्या पाण्याचे हजाराहून अधिक नळ शहरभर आहेत आणि त्यांतून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. ऐतिहासिक घरांवर छोटे फलक आहेत, वर लाल-पांढरे झेंडे. ते बहुतेक जर्मनमध्ये आहेत, ही इथली खरी उणीव.

चक्राबद्दल म्हणाल, तर व्हिएन्नात ते 1897 पासून आहे, सुमारे पासष्ट मीटर उंच. लोक त्यात बसतात, पंधरा-वीस मिनिटांत उतरतात. कुणी चक्रासाठी व्हिएन्नाला येत नाही. माणसं थांबतात, रात्री राहतात, पैसे खर्च करतात ती चालता येतं म्हणून. चक्राचा पैसा पदपथावर घातला तर फोर्टमध्ये काय होईल, याचा हिशोब मुंबईत कुणी मांडताना दिसत नाही, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता मुंबईचा रस्ता घ्या. सीएसएमटी ते मरीन ड्राइव्ह, अडीच-तीन किलोमीटर. जगात इतक्या कमी अंतरात गॉथिक आणि आर्ट डेको समोरासमोर फार थोड्या ठिकाणी असतील. सीएसएमटीसमोर रस्ता ओलांडायचा तर भुयारी मार्ग. त्यात दुकानांची गर्दी, पायऱ्या, आणि कुठल्या दाराने महापालिकेसमोर निघायचं ते नवख्याला कळत नाही. पुढे दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या तळाशी कमानींची सलग पडवी आहे, ऊन आणि पाऊस दोन्हींपासून वाचवणारी. व्हिएन्नाच्या रिंगला अशी सलग पडवी नाही. पण इथे मधेच टपरी, मधेच फरशीची पातळी अर्धा फूट वर, मधेच उघडा चेंबर. फेरीवाले हाकला असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांशिवाय फोर्ट ओकंबोकं होईल. रस्त्यांसाठीच्या भारतीय मानकात चालण्याची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे. तेवढी रेघ आधी आखावी, उरलेल्या जागेत विक्रेत्यांना परवाने द्यावेत.

ओव्हलवर कधी जावं, हेसुद्धा कुठे लिहिलेलं नसतं. न्यायालय आणि विद्यापीठ मैदानाच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेला. त्यांच्यावर प्रकाश दुपारनंतर येतो आणि चारनंतर कुर्ल्याचा पिवळसर दगड उजळतो. आर्ट डेकोच्या इमारती पश्चिमेला, त्या सकाळी बघाव्यात. म्हणून आठ वाजता ओव्हलच्या कडेने ईरॉस चित्रपटगृहापर्यंत, दुपारी सावलीत संग्रहालय, आणि संध्याकाळी परत त्याच मैदानातल्या पायवाटेवर, असा दिवस लावावा. रविवारी फोर्ट रिकामा असतो, चालायला उत्तम. घारापुरी सोमवारी ठेवू नये, लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात, आणि गेटवेच्या ओल्या पायऱ्यांवरून हलत्या बोटीत चढणं वयस्कांना जड जातं. जवळच्या नव्या जेट्टीला कुलाब्याच्या रहिवाशांनी विरोध केला, त्यांचे काही मुद्दे रास्त होते. पण आजी-आजोबांना बोटीत सुखरूप पाऊल टाकता यावं, ही गरजही तितकीच खरी आहे.

राहिला साहेबाच्या इमारतींचा प्रश्न. ऑस्ट्रियाने 1918 मध्ये सम्राटाला निरोप दिला, पुढच्या वर्षी सरदारांच्या पदव्या कायद्याने रद्द केल्या, पण राजवाडा पाडला नाही. त्यात राष्ट्रीय ग्रंथालय आणि संग्रहालयं आहेत. मुंबईचं तर त्याहून पुढचं आहे. राजाबाई टॉवरला पैसा मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा. सीएसएमटीचा आराखडा इंग्रज वास्तुविशारद स्टीव्हन्सचा, पण त्याचे सहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य, आणि दगडातली पानं, पक्षी, माकडं यांच्या नक्षीकामात जे. जे. कला विद्यालयाचा हात. या इमारती इथल्या पैशाने आणि इथल्या हातांनी उभ्या राहिल्या, आणि आजही त्यांत खटले चालतात, गाड्या सुटतात. हे सांगणारा मराठी फलक दारात असला, तर मिरवायचं काय याचं उत्तर तिथेच मिळेल.

एका बाबतीत मुंबई पुढे आहे. हौसेच्या घोडागाड्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या आणि पुढे घोड्यांशिवाय विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या आल्या. व्हिएन्नात घोडे अजून उन्हात उभे असतात. पारा 35 अंशांवर गेला की त्यांना सुट्टी, एवढाच दिलासा.

मेट्रो 3 आता कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौकात स्थानक आहे. सुरुवात त्याच्या दारांपासून करता येईल. प्रत्येक दाराशी पायी नकाशा, त्यावर मिनिटांत अंतरं, जवळचं शौचालय आणि पाण्याचा नळ. चौकातल्या सिग्नलला वयस्क माणूस ओलांडू शकेल इतकी वेळ. 1864 चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक या दोन्हींची माहिती एकाच मराठी-इंग्रजी फलकावर. तिथून ओव्हलच्या फाटकापर्यंतचा पदपथ एका पातळीत, 1.8 मीटर मोकळा. पावसाळ्याआधी एवढा एक तुकडा पूर्ण करावा, आणि पुढच्या मे महिन्यात सीएसएमटीच्या बाजूचा हाती घ्यावा.