‘ताऱ्यांच्या चुंबनाचा खरा फोटो’ : फोटोही नाही, धोकाही नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: ‘दुर्बिणीने टिपला दोन ताऱ्यांच्या चुंबनाचा खरा फोटो! दोघे लवकरच आदळून महास्फोट, पृथ्वीला धोका.’ सोबत एकमेकांना चिकटलेले दोन निळे गोळे. व्हीएफटीएस ३५२ ही जोडी खरीच आहे. बाकीचं एकेक बघू.

‘खरा फोटो.’ नाही. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने २०१५ मध्ये बातमीसोबत दिलेलं ते कल्पनाचित्र आहे. जोडी सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेत; दोन्ही केंद्रांत अंतर १.२ कोटी किलोमीटर. इथून ते एका विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) जेमतेम दीड-दोन दशलक्षांशाएवढं भरतं. हबल दुर्बिणीलाही तिथे एकच ठिपका दिसणार.

मग चिकटलेत हे कशावरून? प्रकाशाच्या चढउतारावरून आणि वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यावरून. खरी गंमत इथेच आहे, आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही. साधारण २७ तासांच्या एका फेरीत दोघांच्या वर्णरेषा (त्या पट्ट्यातल्या मूलद्रव्यांच्या खुणा) आलटून पालटून सरकतात: तारा आपल्याकडे येताना निळ्या बाजूला, लांब जाताना तांबड्या. वेग सेकंदाला ३०० किलोमीटरहून जास्त. पण तारे स्वतःभोवतीही जवळपास तितक्याच जोरात गरगरतात, त्यामुळे रेषा पसरट होऊन एकमेकींत घुसतात. नेहमीची पद्धत म्हणजे प्रत्येक तारा गोल चेंडू मानायचा, त्याला एकच तापमान द्यायचं आणि दोन वर्णपटांची बेरीज करायची. ही जोडी तर भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखी! मधल्या कमरेपाशी गुरुत्व कमी, म्हणून पृष्ठभाग थंड. हे खगोलशास्त्रज्ञ फॉन झाइपेलने १९२४ मध्येच दाखवलं होतं. थंड भागात साध्या हेलियमच्या रेषा ठळक होतात, तापलेल्या भागात आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या. म्हणून खगोलशास्त्रज्ञ अब्दुल-मसीह आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘स्पॅम्स’ हे मॉडेल मांडलं: पृष्ठभागाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला त्याच्या तापमान-गुरुत्वानुसार वर्णपट द्यायचा, वेगाप्रमाणे सरकवायचा, आणि आपल्याकडे तोंड असलेल्यांचीच बेरीज करायची.

‘पृथ्वीला धोका.’ १९८७ मध्ये त्याच मेघात एक तारा खरोखर फुटला. दक्षिण गोलार्धात तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, एवढंच.

‘लवकरच आदळणार.’ ठरलेलं नाही. एक शक्यता विलीन होण्याची. दुसरी अशी की आतला माल पुरता ढवळला गेला तर तारे फुगणारच नाहीत, वेगळेच राहतील आणि शेवटी दोन कृष्णविवरं होतील. (कृष्णविवरांच्या अशा जोड्यांच्या विलीनीकरणाचे गुरुत्वीय तरंग पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे.) ढवळलं असेल तर आत तयार झालेला माल वर येऊन पृष्ठभागावर नायट्रोजन आणि हेलियम वाढायला हवेत. २०१९ च्या अभ्यासात तारे त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने जास्त तापलेले निघाले, म्हणजे ढवळण्याच्या बाजूने पुरावा. पण नायट्रोजन-हेलियममध्ये वाढ काही सापडली नाही.